थकव्यावर डब्यातली ताकद

पूर्वी नांदेडकडच्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात अंगातलं त्राण गेलं की लोक म्हणायचे, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा.’ आता मेडिकलवर ताकदीची पावडर मागतात. डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन आणि पुढे 2:1:1 असं छापलेलं असतं. ही तीन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक.

पावडरीमागचा दावा असा, की थकवा मेंदूतही तयार होतो. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मेंदूत गेलं की त्याचं सेरोटोनिन बनतं आणि माणूस गळून जातो. आत जायची वाट मात्र त्याला आणि डब्यातल्या तिघांना एकच. रक्तात ही तिघं जास्त असली की ट्रिप्टोफॅन मागे पडतं. ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांनी 1980च्या दशकात हे मांडलं, पण ते व्यायामाने येणाऱ्या दमणुकीबद्दल.

क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे प्रकरण वेगळं. सहा महिने उलटले तरी थकवा हटत नाही, झोपून उठलं तरी अंग जड, वाचलेलं डोक्यात शिरत नाही आणि जरा जास्त काम झालं की दुसऱ्या दिवशी अंथरूण. नॉर्वेत 2016 साली अशा सुमारे 200 रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा बायकांमध्ये काही अमिनो आम्लं कमी निघाली. मग वरून दिली की भागलं? कोविडनंतर असाच थकवा मागे राहिलेल्या, म्हणजे लाँग कोविडच्या 41 रुग्णांवर ऑक्सफर्डमध्ये चार आठवड्यांचा प्रयोग झाला; त्यांतल्या काहींना अमिनो आम्लांचं मिश्रण दिलं. मिश्रण घेणाऱ्यांना थकवा कमी वाटला, पण स्नायूंच्या ऊर्जेच्या ज्या मोजमापावर प्रयोगाची मदार होती, त्यात फरक पडला नाही. एवढ्यावर डबा विकत घ्यावा असं मला वाटत नाही.

ल्युसीनचा इतिहास तर आपल्या शेजारचाच. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा का होतो, याचा शोध हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि श्रीकांतिया घेत होते. या रोगात कातडी सोलते, माणूस भ्रमिष्टही होतो. ज्वारीतलं जादा ल्युसीन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व बनण्यात खोडा घालतं आणि त्याच्या कमतरतेने पेलाग्रा होतो, असं त्यांनी 1960 मध्ये सुचवलं. त्यावर पुढे वाद झाले. पण एक अमिनो आम्ल वाढवलं की दुसऱ्याचं गणित हलू शकतं, ही शंका तेव्हापासूनची. ज्वारीत लायसिन हे आणखी एक अमिनो आम्ल कमी, ते तुरीच्या वरणातून मिळतं. भाकरी-वरणाची जोडी उगाच जमलेली नाही.

आणि गोव्यातलं, 2005 साली प्रसिद्ध झालेलं थकव्याचं सर्वेक्षण. 18 ते 50 वयाच्या 2494 बायकांपैकी 12 टक्के सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकलेल्या होत्या. हा सिंड्रोम नव्हे, नुसती तक्रार. तरी हिमोग्लोबिनशी तिचा संबंध सापडला नाही. सापडला तो उपासमारीशी, मनाच्या त्रासाशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी. त्यावर कुठली पावडर?

म्हणून हिमोग्लोबिन तपासायचंच नाही असं नव्हे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. थायरॉइड, साखर, बी-12 हेही बघा, घरात काय चाललंय तेही डॉक्टरांना सांगा. डबा विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर मुळीच नको.