दूरचा सर्व्हर वारंवार कोसळतो तेव्हा : निदानाची रीत

१९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या काळातील भाषणे आणि पत्रके आज वाचता येतात, ती कुणीतरी कागद जपला म्हणून. राजहंसगडाच्या पायथ्याशी असलेल्या येळ्ळूरसारख्या गावातील संमेलनाची भाषणे आज जपायची, तर ती बहुधा संगणकावर ठेवावी लागतील. तो संगणक, म्हणजे सर्व्हर, गावात नसतो. मुंबईत किंवा त्याहूनही दूर तो भाड्याने घेतलेला असतो आणि बहुतेक वेळा त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. असा सर्व्हर आठवड्यातून दोनदा बंद पडू लागला, तर जवळ जाऊन पाहण्याची सोय नसते. तरीही त्याचे निदान करता येते.

आधी शब्द नेमका हवा

‘सर्व्हर पडला’ या दोन शब्दांत चार वेगळ्या घटना दडलेल्या असतात. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालेले असते. किंवा ते गोठलेले असते, म्हणजे वीज आहे पण प्रतिसाद नाही. किंवा यंत्र चालू असून त्यावरचा एखादा प्रोग्रामच बंद पडलेला असतो. किंवा यंत्र ठणठणीत असून मधला इंटरनेटचा मार्ग तुटलेला असतो. चारही वेळा वाचकाला संकेतस्थळ दिसत नाही, पण चारही कारणे निराळी असतात.

यातून पहिली वाट काढून देते ‘अपटाइम’ ही आज्ञा. यंत्र किती वेळ अखंड चालू आहे, हे ती सांगते. उत्तर दोन तास आले, तर यंत्र खरोखर बंद होऊन सुरू झाले आहे. उत्तर वीस दिवस आले, तर यंत्र पडलेलेच नाही. दोष प्रोग्राममध्ये किंवा मार्गात शोधावा.

नोंदवहीचे शेवटचे पान

दुकानदाराच्या रोजकीर्दीप्रमाणे लिनक्सही घडामोडींची वेळेसह नोंद ठेवते. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या नोंदी पाहून फारसे हाती लागत नाही. त्याआधीच्या खेपेच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. मात्र काही यंत्रांवर ही नोंद फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि बंद पडताच पुसली जाते. म्हणून ती डिस्कवर कायम राहील अशी मांडणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

शेवटच्या ओळींत सेवा एकेक करून थांबवल्याच्या नोंदी असतील, तर कुणीतरी किंवा एखाद्या स्वयंचलित कामाने यंत्र रीतसर बंद केले आहे. ‘आउट ऑफ मेमरी’ असे शब्द असतील, तर स्मृती संपल्यामुळे लिनक्सने एक प्रोग्राम मारला आहे. तो बहुधा सर्वांत जास्त स्मृती खाणारा, म्हणजे पुष्कळदा माहितीसाठा सांभाळणाराच असतो. आणि नोंद चालू असतानाच मध्येच तुटली असेल, तर वीज जाणे, यंत्रातील दोष किंवा ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानेच काम सोडणे, यांपैकी काही घडले असावे.

वेळ काय सांगते

प्रत्येक वेळची तारीख आणि घटका एका तक्त्यात लिहावी. पुष्कळ सर्व्हरांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटे साडेपाचला होणारा बिघाड म्हणजे सर्व्हरच्या मध्यरात्री होणारा बिघाड. तेव्हा रात्री बारासाठी नेमलेली कामे तपासावीत. १ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे नेमक्या याच वेळी जागतिक घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. त्या वेळी गाभ्यातील एका दोषामुळे जगभरचे अनेक लिनक्स सर्व्हर विनाकारण भाराखाली दबले. पुष्कळ ठिकाणी घड्याळ पुन्हा लावताच तो भार उतरला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लिनक्सच्या काही आवृत्त्या चालवणारी यंत्रे सुरू केल्यापासून सुमारे २०८.५ दिवसांनी कोसळत. हा आकडा योगायोगाचा नव्हता. २ चा ५४ वा घात इतक्या नॅनोसेकंदांचे दिवस केले, तर २०८.५ च येतात. वेळ मोजणारे गणित तेथे ओसंडत होते. अंतर मोजले म्हणूनच कारण सापडू शकले.

नोंदच उरली नाही तर

गाभा कोसळताना डिस्कवर लिहायलाही उसंत नसते. त्यासाठी दोन सोयी आहेत. ‘नेटकन्सोल’ गाभ्याचे शेवटचे निरोप दुसऱ्या यंत्राकडे पाठवतो. ‘केडंप’ आधीच राखून ठेवलेल्या जागेतून दुसरा गाभा सुरू करून पडलेल्या गाभ्याच्या स्मृतीची प्रत काढतो. गाभा कोसळल्यावर किती सेकंदांनी यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे, हेही ठरवता येते. मूळ मांडणीत हा आकडा शून्य असेल, तर यंत्र तसेच गोठून राहते. दूरच्या यंत्राला दहा सेकंद ठेवणे सोयीचे.

नोंद दरवेळी निरनिराळ्या जागी तुटत असेल, तर स्मृतीची पट्टी, वीजपुरवठा किंवा उष्णता यांवर संशय धरावा आणि यंत्राच्या मालकाकडे तक्त्यासह तपासणी मागावी. ‘सर्व्हर सारखा पडतो’ या तक्रारीपेक्षा ‘पाच वेळा, या या क्षणी, रीतसर बंद झाल्याची नोंद नसताना’ हे वाक्य लवकर काम करते.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा आणि आधीच्या अंतराच्या दुप्पट तरी काळ वाट पाहावी. तीन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. मात्र या सगळ्याच्या आधी, निदानाला हात घालण्यापूर्वीच, संग्रहाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावी आणि ती उघडते का, हे पाहावे. यंत्र पुन्हा उभे करता येते. ज्या भाषणाची दुसरी प्रत कुठेच नाही, ते मात्र पुन्हा मिळत नाही.