शोधाचा खेळ

दिसणे आणि पाहणे यांत मोठे अंतर आहे. शाळेच्या वाटेवरचे शिरीषाचे झाड रोज शेकडो मुलांना दिसते. परंतु हिवाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात, हे त्यांपैकी कितीजणांनी ध्यानात घेतले असेल? डोळ्यांना व कानांना जागे करणारा एक सुंदर खेळ आहे. टेकडीवर, माळावर किंवा आमराईत मुलांनी गटागटाने हिंडावे आणि यादीत सांगितलेल्या वस्तू ठराविक वेळात शोधून आणाव्यात, हे त्याचे स्वरूप. इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी मुलांचे शिबिर भरविले. निरीक्षण करणे व माग काढणे यांना त्यांनी मुलांच्या शिक्षणात मानाचे स्थान दिले. पुढे बालवीर चळवळीबरोबर असे खेळ देशोदेशी पोहोचले.

खेळ दिसावयास सोपा. परंतु त्याची आखणी जबाबदारीची असते. योजकाने आदल्या दिवशी ती जागा स्वतः पायी फिरून पाहावी. कठडा नसलेली विहीर, ओढ्याचा निसरडा काठ, आग्या मोहोळ, रहदारीचा रस्ता ही स्थळे हेरून ती खेळाच्या सीमेबाहेर ठेवावीत. 'इकडे हा बांध, तिकडे ते चिंचेचे झाड' अशी सीमा मुलांना प्रत्यक्ष दाखवावी. वारुळात किंवा बिळात हात घालू नये. तसेच कोणतेही फळ वा बी तोंडात टाकू नये, अशी सक्त ताकीद द्यावी. धोतऱ्याच्या व एरंडाच्या बिया विषारी असतात, हे त्याचे कारणही सांगावे.

यादी हा या खेळाचा प्राण होय. तीत नुसती नावे लिहिली, तर झाडे ओळखणारे मूलच जिंकेल. म्हणून नावांऐवजी गुण लिहावेत. 'शेपटीसारखे लांब टोक असलेले पान' म्हटले, की पावले पिंपळाकडे वळतात. 'कपड्याला चिकटून प्रवास करणारे बी' म्हणजे आघाडा, आणि 'वाऱ्यावर स्वार होणारे बी' म्हणजे रुईची म्हातारी, हे मुले आपल्या बुद्धीनेच शोधून काढतात. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण झाडाखाली उभे राहून पडताळून पाहावयास सांगावे. अशा बारा गोष्टी पुरेत: सहा सोप्या, चार बारकाईने पाहिल्यावर सापडणाऱ्या व दोन विचार केल्यावर उमगणाऱ्या.

या यादीतील एक निष्काळजी शब्दही अनर्थ घडवू शकतो. समजा, 'एक फूल आणा' असे लिहिले. जिंकण्याच्या भरात चाळीस मुले एकाच झुडपावर तुटून पडतील आणि सकाळी बहरलेले ते झुडूप तासाभरात ओकेबोके होईल. 'घरटे आणा' असे लिहिले, तर ते पिलांच्या जिवावर बेतेल. यात दोष मुलांचा नव्हे. त्यांनी आज्ञा पाळली. दोष लिहिणाराचा. म्हणून यादीच्या शिरोभागी ठळक अक्षरांत लिहावे: 'जे गळून पडले आहे तेवढेच उचला, जे जिवंत आहे ते पाहा आणि वहीत टिपून घ्या.' तोडून आणलेल्या वस्तूस गुण तर मिळू नयेतच, उलट दोन गुण वजा व्हावेत.

गट चौघांचे करावेत व त्यांत थोरली-धाकटी मुले मिसळावीत. गटाने एकत्रच हिंडावे. थोरली मुले धावतात, धाकटी रेंगाळतात. परंतु पानाआडचा हिरवा टोळ पुष्कळदा रेंगाळणाऱ्यालाच दिसतो! पाऊण तासाने शिट्टी वाजवावी आणि गुण मोजण्याआधी मुले मोजावीत. सर्व परतली, याची खात्री झाल्यावाचून निकाल सांगू नये.

शेवटी प्रत्येक गटाने आपल्याला काय व कोठे सापडले, ते सर्वांना सांगावे. मग आणलेली पाने व बिया पुन्हा त्याच रानातील मातीत नेऊन टाकाव्यात. मुले रित्या हातांनी घरी जातात, पण रिती मात्र जात नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्यांची पावले शिरीषाखाली आपोआप थबकतात. तेथेच हा खेळ खऱ्या अर्थाने जिंकला जातो.