रीडरचा ठावठिकाणा

राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर फेब्रुवारी २०२१च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून मोटारीच्या काचेवरील त्या पट्टीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु जिच्यात विजेरीही नाही अशा त्या पट्टीला रेडिओलहरींनी जागृत करून, तिने परावर्तित केलेल्या लहरींतून तिचा क्रमांक उकलणाऱ्या रीडरकडे प्रवाशाचे लक्ष क्वचितच जाते. नाका असो, ग्रंथालय असो वा गुदाम, रीडरने कळवलेला क्रमांक तेव्हाच अर्थपूर्ण होतो, जेव्हा तो कोणत्या रीडरने, कोणत्या दारी वाचला याची दफ्तरी खातरजमा असते.

नवा रीडर संगणकांच्या जाळ्याला जोडला, की तो बहुधा डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी पत्ता मागतो. हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा मुदतीचा असल्यामुळे त्यावर ओळख विसंबून ठेवणे धोक्याचे. ओळखीचा खरा आधार म्हणजे कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा मॅक पत्ता. इम्पिंज कंपनीच्या स्पीडवे रीडरचे जाळ्यावरील मूळ नाव याच पत्त्याच्या शेवटच्या तीन जोड्यांवरून सिद्ध होते. म्हणून यंत्र भिंतीवर चढवण्यापूर्वीच त्यावरील चिठ्ठीवरचा हा पत्ता उतरवून घ्यावा. ओळख पटली, की रीडरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा.

पुढील आज्ञा, म्हणजे कोणता अँटेना चालवावा, किती शक्तीने, आणि वाचलेले केव्हा कळवावे, या बहुधा एलएलआरपी या २००७ साली प्रमाणित झालेल्या संकेतपद्धतीने, टीसीपीच्या ५०८४ क्रमांकाच्या पोर्टावरून दिल्या जातात. त्यापूर्वी प्रदेशाची निवड तपासणे अगत्याचे आहे. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा चार वॅटच्या मर्यादेत या कामासाठी विनापरवाना खुला केला. अमेरिकेत ९०२ ते ९२८चा पट्टा चालतो, आणि तिकडचा रीडर तसाच येथे चालू केला, तर तो मोबाइल दूरध्वनीच्या लहरींत ढवळाढवळ करू शकतो.

शक्ती सर्वोच्च ठेवण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो, कारण मग शेजारच्या रांगेतील पट्टीही वाचली जाते आणि पथकर भलत्याच्या खात्यावर पडण्याची भीती उत्पन्न होते. आणखी एक दोष याहून गुप्त आहे: एका रीडरला अनेकदा चार अँटेना जोडलेले असतात, आणि त्यांतील दोन तारांची अदलाबदल झाली, तर यंत्र कोणतीही तक्रार न करता गुदामातून बाहेर गेलेला माल आत आला अशी निर्वेध नोंद करीत राहते. यावर उपाय एकच, तो म्हणजे हाती एक पट्टी घेऊन प्रत्येक दारातून स्वतः चालत जाणे आणि पडद्यावर कोणता अँटेना बोलतो ते पाहणे.

ज्यांच्या हाती हे काम आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि मॅक पत्ता, आयपी पत्ता, अँटेनाचा क्रमांक व त्याचे दार या चारही गोष्टी एकाच नोंदवहीत लिहून ठेवाव्यात.