मोटारीतील ‘चेक इंजिन’ दिवा : निदानाची पद्धती (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना :
भूम, परंडा, लोहारा यांसारख्या तालुक्यांतील मोटारधारकास अधिकृत सेवा केंद्रासाठी अनेकदा धाराशिव, सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. त्यामुळे डॅशबोर्डवरील पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला की एक तर त्याकडे दुर्लक्ष होते, किंवा कारण न शोधताच महागडा भाग बदलला जातो. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी निदानाची पद्धती समजून घेणे आवश्यक ठरते.

व्यवस्थेचे स्वरूप :
इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक विविध सेन्सरकडून माहिती घेतो आणि मर्यादेबाहेरील नोंद सांकेतिक क्रमांकाने साठवितो. ही ‘ओबीडी-२’ व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतात २०१० मध्ये भारत स्टेज ४ मानके ज्या १३ शहरांत प्रथम लागू झाली, त्यांत शेजारचे सोलापूर होते; देशभर ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. म्हणून जिल्ह्यातील त्यापूर्वीच्या प्रत्येक गाडीत ही व्यवस्था असेलच असे नाही.

निदानाची पद्धती :
दिवा लुकलुकत असल्यास सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याची शक्यता असते. न जळलेले इंधन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होऊ शकतो. म्हणून गाडी थांबविणे योग्य. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास इंजिन त्वरित बंद करावे. दिवा स्थिर व गाडी सुरळीत असल्यास संकेत वाचण्यास अवधी मिळतो.

त्यासाठी स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो. मोबाइलवर चालणारे साधे स्कॅनरही उपलब्ध आहेत. मात्र संकेत बिघाडाचे क्षेत्र दाखवितो, नादुरुस्त भाग नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील सदोष ज्वलन. कारण स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर यांपैकी कोणतेही असू शकते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद व थंड असताना पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. त्यानंतर ‘पी ०३०२’ आल्यास दोष कॉइलचा ठरतो. ‘पी ०१७१’ हा संकेत मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचे सांगतो. तेथे ऑक्सिजन सेन्सर बदलण्यापूर्वी हवेच्या नळीतील गळती व इंधनाचा दाब तपासावा.

संकेत पुसण्यापूर्वी तो व त्यासोबतच्या नोंदी लिहून ठेवाव्यात. पुसल्याने बिघाड दूर होत नाही, पुरावा मात्र नाहीसा होतो.

निष्कर्ष :
संकेतवाचन हे निदानाचे पहिले पाऊल आहे, अखेरचे नव्हे. एअरबॅग, ब्रेक किंवा इंधनगळतीसंबंधी दोषांत जाणकार कारागिराकडेच जावे. तथापि संकेत व लक्षणे यांची नोंद घेऊन गावातील गॅरेजमध्ये गेलेला मोटारधारक नेमका प्रश्न विचारू शकतो आणि अनावश्यक खर्चास नकारही देऊ शकतो.