प्राणवायूच्या टंचाईत तगणारी पेशी

मुरबाड तालुक्यातील धसई परिसरात पावसाळ्यात भातखाचरे तुडुंब भरतात आणि वैशाखात पाण्याची चणचण भासू लागते. टंचाईच्या दिवसांत घर असेल ते पुरवून पुरवून वापरते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशीही अशाच तगून राहतात. मात्र त्यांचे तगणे रुग्णाच्या जिवावर उठते.

गाठ वाढू लागली की तिच्या आतील पेशी रक्तवाहिन्यांपासून दूर पडतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक अंतर पडले, तरी प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. ‘हिफ’ नावाचे प्रथिन पेशीत सतत तयार होते आणि प्राणवायू असेपर्यंत लगेच नष्ट केले जाते. प्राणवायू घटला की ते साठते व पेशीकेंद्रात शिरून अनेक जनुके कार्यान्वित करते. परिणामी नव्या रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारी द्रव्ये स्रवतात, शर्करा अधिक प्रमाणात ओढली जाते आणि प्राणवायूविनाच तिचे विघटन होते. ऊर्जा अल्प मिळते, पण पेशी जगते. अन्नही तुटले, तर ती स्वतःचेच जीर्ण घटक मोडून वापरते. पेशीला प्राणवायूची जाणीव कशी होते, याच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा पेशींवर किरणोपचाराचा प्रभाव कमी पडतो, कारण किरणांना प्राणवायूची साथ लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत किरणोपचाराबरोबर ९८ टक्के प्राणवायू व २ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण आणि निकोटिनामाइड हे औषध देण्यात आले. तेव्हा तीन वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४६ वरून ५९ टक्क्यांवर गेले.

तथापि, गाठ लहान व अस्तरापुरती असतानाच ती मूत्रमार्गातून दुर्बिणीद्वारे काढता येते. वेदनेविना लघवीतून रक्त जाणे हे या रोगाचे प्रमुख लक्षण होय. ते एकदा दिसून आपोआप थांबते. रुग्ण निश्चिंत होतो आणि मोलाचे महिने निघून जातात. विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. ग्रामसभेत व शाळेत या दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या गेल्या पाहिजेत. रक्त एकदाच दिसले, तरी रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पुढील उपचारांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. तेथवरचा प्रवास मात्र गावातूनच वेळेवर सुरू व्हावयास हवा.