नंबरांच्या डायरीचा प्रवास

मोबाइल येण्याआधी लँडलाइनशेजारी नंबरांची एक डायरी असे. नातलग, डॉक्टर, गॅस एजन्सी, मुलांची शाळा असे सगळे नंबर तीत असत आणि ती कोण चाळतो हे घराला ठाऊक असे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. पुढच्या दहाएक वर्षांत डायरीची जागा सिमकार्डाने घेतली. सिममध्ये साधारण २५० नावे मावत, तीही तोडून, बहुधा रोमन अक्षरांत लिहिलेली. फोन हरवला की नंबर गेले. मग ते ओळखीपाळखीतून पुन्हा गोळा करावे लागत. हा मनस्ताप खराच होता, पण यादी मालकाच्या खिशातच राहत होती.

स्मार्टफोनने हा मनस्ताप संपवला. खात्यात साठवलेली नावे नव्या फोनवर आपोआप उतरू लागली. त्याचबरोबर फोनमधल्या इतर अ‍ॅपनाही ती वाचता येऊ लागली, आणि याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘पाथ’ हे अ‍ॅप वापरणाऱ्याची सगळी यादी न विचारता स्वतःच्या सर्व्हरवर नेत असल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर ओरड झाली. त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस ६ मध्ये कॉन्टॅक्टसाठी वेगळी परवानगी मागणे सक्तीचे झाले. अँड्रॉइडवर मात्र अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा मान्य कराव्या लागत. एकेक परवानगी नाकारण्याची सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने दिली. भारतात बहुतेकांच्या हाती अँड्रॉइडच असल्याने इथे खरा बदल हाच होता, पण स्वस्त हँडसेटपर्यंत तो पोचायला आणखी काही वर्षे गेली.

दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कधी संगणक न हाताळलेल्या लाखो लोकांना इंटरनेट मिळाले. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला ‘अलाऊ’ म्हटल्याशिवाय अ‍ॅप चालतच नाही, असा समज सहज रुजला.

या सवयीची सर्वांत कडू फळे झटपट कर्जाच्या अ‍ॅपनी दाखवली. करोनाकाळात रोजगार गेलेल्यांना ही अ‍ॅप काही हजार रुपये मिनिटांत देत आणि बदल्यात कॉन्टॅक्ट व गॅलरी उघडून घेत. हप्ता चुकला की वसुलीचे फोन कर्जदाराच्या बहिणीला, शेजाऱ्याला, कचेरीतल्या साहेबाला जात. विद्रूप केलेले फोटोही पाठवले जात. त्या छळाने काहींनी जीव दिला. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने कर्ज अ‍ॅपना फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. कॅमेरा, माइक व लोकेशन ग्राहकाची ओळख पटवण्यापुरते, एकदाच आणि संमतीने वापरता येते. मे २०२३ अखेरपासून गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बंद केले. हे नियम चांगले आहेत, पण ते फार उशिरा आले. रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेरून चालणारी अ‍ॅप त्यांना जुमानतही नाहीत.

कायदा त्याहून मंद गतीने चालला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुंबईचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा दिला. संसदेत मांडलेले विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले, नवा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क या कायद्यात आहे.

आयओएस १८ मध्ये, म्हणजे २०२४ पासून, सगळी यादी न देता निवडक नावेच अ‍ॅपला देता येतात. पण डायरीतले नंबर मुळात दुसऱ्यांचे असतात. ज्याचा नंबर असा पुढे जातो, त्याला आधी विचारण्याची सोय आजही कुठल्याच फोनमध्ये नाही.