तहानेची तालीम होत नाही

काशीच्या पंचगंगा घाटाजवळ मंगलागौरीचे देऊळ आहे. जवळचे दुर्गाघाट, ब्रह्माघाट हे मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीचे भाग. या गल्ल्यांत वर्षातून दोन वेगवेगळ्या प्रकारचा उकाडा सोसावा लागतो. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ‘लू’ म्हणजे कोरडे, पोळणारे वारे वाहतात. घाम येतो, पण तो क्षणात वाळतो; माणसाला वाटते, आपल्याला घामच आलेला नाही. श्रावणात, मंगळागौरीच्या दिवसांत, पारा बराच खाली असतो. पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पहिल्या उकाड्यात शरीरातून पाणी नकळत जाते. दुसऱ्यात ते जाते, पण अंग थंड होत नाही. वाराणसीच्या छावणीत ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या रिक्रूटांना हे दोन्ही ऋतू मैदानावर काढावे लागतात. कॅडेट मित्रांनो, आपल्या मैदानाचे शास्त्रही हेच आहे.

घाम काय करतो?

धावताना स्नायू पुष्कळ उष्णता निर्माण करतात. ही उष्णता रक्त कातडीपर्यंत वाहून आणते आणि घाम वाळताना ती बाहेर जाते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. घाम मात्र रक्तातल्या पाण्यातूनच तयार होतो. उन्हात कसून व्यायाम करणाऱ्या प्रौढ माणसाला तासाला एक ते दोन लिटर घाम येऊ शकतो. पाणी भरून काढले नाही तर रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि कातडीकडे रक्त कमी जाते. मग अंग आतून तापू लागते.

वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले की दम लवकर लागतो, लक्ष विचलित होते, डोके दुखते. ५० किलोच्या कॅडेटसाठी हे म्हणजे फक्त एक लिटर. नेम चुकणे, हुकूम उशिरा कळणे, तासाला झोप येणे यांमागे कधी कधी एवढेच कारण असते. रोज पुरेसे पाणी पिणाऱ्याला बद्धकोष्ठ आणि मूतखड्याचा धोकाही कमी राहतो.

एक जुना गैरसमज

पाणी कमी पिण्याची सवय लावली की जवान काटक होतो, असे अनेक सैन्यांत पूर्वी मानत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अॅडॉल्फ या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर याचा अभ्यास केला. तो १९४७ साली पुस्तकरूपाने आला. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पाण्यावाचून राहण्याची सवय शरीराला लागत नाही. आणि पाणी समोर असूनही माणूस घामाने गेलेल्यापेक्षा कमीच पितो, कारण तहान लवकर भागल्यासारखी वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उन्हाची सवय मात्र लागते. रोज थोडे थोडे वाढवत नेल्यास साधारण १० ते १४ दिवसांत शरीर उन्हाला सरावते. अशा शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो. म्हणजे सरावलेल्या कॅडेटला पाणी कमी नव्हे, जास्त लागते! सुट्टीहून परतल्यावर मात्र पहिले काही दिवस जपावे. सराव मोडलेला असतो.

आपल्या राज्यातला धडा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय उघड्या मैदानावर भर उन्हात तासन्‌तास बसला होता. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. पारा होता ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे काशीच्या ज्येष्ठापेक्षा कितीतरी कमी. पण किनाऱ्याजवळची हवा दमट असते. नुसता पारा पाहून निर्धास्त राहू नये, हे सर्वांनीच ध्यानात ठेवावे.

कसे आणि किती प्यावे?

- पहाटेच्या पीटीपूर्वी एक-दोन पेले पाणी प्यावे. लांब परेडमध्ये दर १५-२० मिनिटांनी थोडे थोडे प्यावे.
- लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर पाणी कमी पडते आहे.
- मोठ्या सरावाआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले.
- नुसते पाणी भराभर ढोसू नये. रक्तातले मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकते. अशा घटनांनंतर अमेरिकी सैन्याने १९९८ मध्ये प्रौढ जवानांसाठीही तासाला सुमारे १.४ लिटरची कमाल मर्यादा घातली.
- गेलेले मीठ जेवणातून मिळते. म्हणून सकाळची न्याहारी टाळू नये. ताक, लिंबू-सरबत, कैरीचे पन्हे हे मीठ घालून घेतल्यास उत्तम. काशीतही उन्हाळ्यात भाजलेल्या कैरीचे पन्हे काळे मीठ व जिरे घालून पितात.

सावधान स्थितीत बराच वेळ उभे राहिल्यावर चक्कर येते, त्याला पाय आणखी एक कारण असतात. न हलणाऱ्या पायांत रक्त साचते आणि मेंदूकडे कमी पोहोचते. बुटातल्या बुटात बोटे हलवावीत, पोटऱ्या आवळून सैल कराव्यात. गुडघे ताठ कुलूप लावल्यासारखे ठेवू नयेत.

धोक्याची खूण

अंग खूप तापलेले आहे आणि माणूस बरळतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध होतो, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही! ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवावे. आधी थंड करणे, मग हलवणे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पालकांना विनंती, की सुट्टीत मुलांना उन्हात खेळण्याची सवय हळूहळू ठेवावी आणि परत पाठवताना पाण्याची बाटली आठवणीने द्यावी. उस्तादांनी पाण्याची सुट्टी हा परेडचाच भाग मानावा. आणि कॅडेट मित्रांनो, शेजारचा साथी लडखडताना दिसला तर रांग मोडून सांगा. स्वतःला गरगरले तरी सांगा. त्यात कमीपणा नाही. जो वेळेवर सांगतो, तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा असतो.